बाईंचा आरोपी

बाई,

तुम्ही आमच्या दारात उभ्या राहिलात, छत्री झटकलीत आणि कसे आहात, बरं आहे का, असलं काही न विचारता म्हणालात, "मारुतराव, मला एक आरोपी हवाय."

मी आतल्या खोलीत पडदा ओढून बसलो होतो. तिथूनच ओरडलो, "मग पोलीस ठाण्यात जा. इथं इज्जतदार माणसं राहतात."

तुम्ही हसलात. आधी नाकातून आणि मग सगळ्या घरभर. ते हसणं आता आठवलं की आधी बरं वाटतं आणि लगेच तुम्ही नाही हे आठवतं. तुम्हाला जाऊन अजून पंधरवडासुद्धा झालेला नाही. इथली, आयर्लंडातल्या लिमरिकमधली आपली मंडळी म्हणाली, तात्या, तुम्ही बाईंबरोबर एवढे हिंडलात, चार ओळी लिहून द्या. तुमचा जन्म, तुमचं पुणं, अमेरिकेतल्या शाळेत तुम्ही काय काय शिकवलंत, मग यजमान गेल्यावर इकडे मुलाकडे कशा आलात, ते सगळं लिहिणारे शिकलेले लोक आहेत. मी चौथी पास. माझी पिठाची गिरणी होती. गिरणीच्या आवाजात माणूस ओरडायला शिकतो, लिहायला नाही. तेव्हा मी आपला तुमच्याशी गाडीत भांडायचो तसंच लिहिणार आहे. तुम्ही मध्येच तोडणार नाही, एवढाच फरक.

एक आधीच सांगून टाकतो. तुम्ही गेल्याचं दुःख आहेच. पण दुःखापेक्षा भीती जास्त आहे. हा शब्द मी स्वतःसाठी जन्मात वापरला नव्हता. गिरणीचा पट्टा तुटून अंगावर आला होता तेव्हाही नाही. तुम्ही होतात तोवर ह्या भीतीला घेऊन बसायला गाडीत एक जागा होती. आता ती माझ्या एकट्याच्या उरावर आहे.

तुम्ही दारात आलात त्याच्या आधी महिनाभर मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला नव्हता. घरात सांगायचो, थंडी सोसत नाही. सूनबाई गरम कपडे आणायची, मी म्हणायचो, तरी सोसत नाही. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. बसथांब्यावर तीन पोरं होती. काळे कपडे, डोक्यावरून ओढलेली जाकिटाची टोपडी, तोंडं दिसत नव्हती. एक काहीतरी बोलला, त्यातलं घरी जा एवढं मला कळलं. दुसऱ्यानं माझी टोपी उडवली. मी ती उचलायला वाकलो तर मागून धक्का बसला आणि मी ओल्या फरशीवर आडवा झालो. मनगट मुरगळलं. तिसरा फोनवर सगळं टिपत होता आणि हसत होता. पोरं पळाली. टोपीवरून एक गाडी गेली.

माझा मुलगा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, दिवसभर लोकांची हाडं बघतो. त्यानं माझं मनगट बांधलं आणि गार्डांकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, तक्रार दिली. मनगट बरं झालं. पण पाठीमागे कोणी पोरगं हसलं की माझी मान आखडायची. अजून आखडते.

आणि अशा माणसाकडे येऊन तुम्ही आरोपी मागत होतात.

"शाळेत चौथ्या वर्षाची पोरं आहेत," तुम्ही खुर्ची ओढत म्हणालात. "त्या वर्षी इथं परीक्षेचं ओझं नसतं, वेगवेगळं काहीतरी चाखायला देतात. मी त्यांना अमेरिकेची राज्यघटना आणि तिथली कोर्टं शिकवणार आहे. तुमची सई पण आहे त्यात. सगळ्यांना वकील व्हायचंय, सगळ्यांना जज व्हायचंय. आरोपी व्हायला कोणी तयार नाही. बसवलं तर हसत सुटतात. मला न हसणारा माणूस हवाय."

"आयर्लंडच्या पोरांना अमेरिकेचं कोर्ट कशाला? इथं काय कोर्टं नाहीत?"

"त्यांना तेवढंच माहीत आहे ना. टीव्हीवर बघून बघून. इथल्या गार्डानं पकडलं तरी ही पोरं अमेरिकेतले हक्क सांगतील! मग म्हटलं, माहीतच आहे तर नीट माहीत असू दे. ते कळलं की आपल्या इथं काय आहे, हे स्वतःच विचारतील."

"मला इंग्रजी येत नाही."

"आरोपीला बोलावं लागत नाही. तोच तर धडा आहे."

"मी येणार नाही."

"बरं." तुम्ही उठलात. "भीती वाटत असेल तर राहू दे."

सई जिन्यावर उभी राहून ऐकत होती. नातीसमोर असं बोलायचं असतं का, बाई? मी ओरडलो, "माझे बूट कुठं आहेत?" सई म्हणाली, "इन द प्रेस, आजोबा." इथं कपाटाला प्रेस म्हणतात. ती आपलं मराठी सगळं समजते आणि उत्तर मात्र इथल्या हेलात देते. मी बूट घातले. तुम्ही मला फसवून नेलंत, हे मी तुम्हाला शेवटपर्यंत ऐकवत राहिलो. तुम्ही दर वेळी म्हणायच्या, "हो, नेलं."

शाळेच्या आवारात तुम्ही गाडी बंद केलीत आणि उतरलात मात्र नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगच्या चाकावर, डोळे मिटलेले. मला वाटलं देवाचं नाव घेताय. मग तुम्ही एकदम म्हणालात, "चला," आणि अशा चालत सुटलात की जणू शाळा तुमच्या मालकीची आहे.

वर्गात शिरलो आणि दारातच थांबलो. तीच पोरं. तीच नव्हती, पण तशीच. तेवढीच उंची, तीच टोपडी, तेच खिशात घातलेले हात. तुम्ही मला ज्या खुर्चीत बसवलंत तिच्यासमोर नऊ खुर्च्या मांडलेल्या. अमेरिकेच्या सगळ्यात वरच्या कोर्टात नऊ न्यायाधीश असतात म्हणून नऊ. किअन नावाच्या लांबड्या पोरानं आईचा आंघोळीनंतरचा काळा गाऊन घातला होता, बाकीच्यांनी जाकिटं उलटी करून. आणि हातोडा म्हणून तुम्ही घरून खलबत्त्यातला पितळी बत्ता आणला होता. किअननं तो असा आपटला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. मी हसलो नाही. घाबरलेला माणूस हसत नाही. तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, "फार छान करताय."

पण बाई, तुम्ही शिकवायच्या कशा! एक शब्द कळत नव्हता, तरी कळायचं. पहिल्याच दिवशी तुम्ही मतदान घेतलंत. ठराव असा की आठवडाभर सगळ्यांची दप्तरं किअननं उचलायची. सगळ्यांचे हात वर, किअनचा सोडून. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मग तुम्ही विचारलंत, आता सगळ्यांनी मत दिलं, मग झालं का हे बरोबर? किअन उभा राहून ओरडला, "ऑब्जेक्शन!" तुम्ही म्हणालात, बस, ह्या एका ओरडण्यासाठी घटना लिहिलेली असते. सगळ्यांनी मिळून ठरवलं तरी एकट्याचं जे काढून घेता येत नाही, ते त्यात लिहून ठेवायचं. हे मला सईनं परतीच्या वाटेवर सांगितलं, म्हणजे तिनं इंग्रजीत सांगितलं आणि तुम्ही मराठीत आणलंत. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो होतो. बसथांबा मागे गेला. तिथं आम्ही चौघं होतो, बाई. तिघांचं एकमत झालं होतं.

मग माझा खटला सुरू झाला. मी सायकल चोरली, असा आरोप. पोलिसांनी जजचा हुकूम न घेताच माझ्या घरात शिरून मागची शेड उघडली आणि त्यात सायकल सापडली. माझी वकील ईफा, ती तांबड्या केसांची बारीक पोरगी. पहिल्या दिवशी ती मला "युअर मॅन" म्हणाली. इथं कोणाही माणसाला तसं म्हणतात. तुम्ही तिला थांबवलंत. हे तुझे अशील आहेत, उभं राहून त्यांच्याकडे हात करून बोल. तेव्हापासून ती माझ्याकडे हात करून बोलायची. महिनाभर घरात बसलेल्या माणसाकडे असं हात करून कोणी बोललं की कसं होतं, ते तुम्हाला ठाऊक असणार, म्हणूनच तुम्ही ते करायला लावलंत.

आणि तिनं मला सोडवलं! नऊपैकी पाचजण माझ्या बाजूनं. पोरं ओरडली. सईनं मला मिठी मारली. गाडीत बसल्यावर मी विचारलं, कसा सुटलो? तुम्ही सांगितलंत. पोलीस हुकूम नसताना शिरले, म्हणून शेडमध्ये सापडलेली सायकल कोर्टानं धरायचीच नाही.

"धरायची नाही म्हणजे? सायकल होती ना तिथं?"

"होती. पण धरायची नाही."

"आणि ती पोरगी काय म्हणाली, नीट सांगा."

"ईफा म्हणाली, यांनी चोरली असली तरीसुद्धा..."

"थांबा! असली तरीसुद्धा? म्हणजे मी चोरलीच असं झालं की!"

"मारुतराव, खोटा खटला आहे तो."

"खटला खोटा असेल, नाव माझं आहे. पोलिसांची चूक झाली म्हणून सुटलो, हे काय सुटणं झालं? निर्दोष म्हणा मला. गावात पंचांनी असं सोडलं असतं तर मी गिरणीवर बसलो नसतो."

सई मागच्या सीटवर लोळून हसत होती. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, इतकं हसायला आलं होतं तुम्हाला. पण मग शांतपणे म्हणालात, "कायदा एवढंच बघतो की सरकारनं तुमचं दार कसं उघडलं. तुम्ही आत कसे आहात ते त्याला कळत नाही. कळतं असं त्यानं म्हणायला लागलं ना, तर मला जास्त भीती वाटेल."

मी म्हटलं, "लई शहाण्या तुम्ही." पटलं नाही. सायकलीचं भांडण तुम्ही गेलात तोवर चालू होतं. तुम्ही दुकानात भेटलात तरी मी म्हणायचो, बाई, सायकल. तुम्ही म्हणायच्या, शेड, मारुतराव.

गप्प राहायच्या हक्कावरूनही आपलं जमलं नाही. आरोपी बोलला नाही तर त्याचा अर्थ काढायचा नाही, हे तुम्ही पोरांना दोन तास शिकवलंत. मी म्हणायचो, खरा माणूस बोलतोच. चोर गप्प बसतो. घरी सईनं चकल्या संपवल्या आणि सूनबाईनं विचारलं तर पोरगी तोंड पुसत म्हणते, मी पाचवी दुरुस्ती घेते! अमेरिकेच्या घटनेत ती गप्प राहण्याची आहे म्हणे. सूनबाई म्हणाली, "घटना शाळेत ठेवून यायची. इथं माझं राज्य आहे." मी तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "तुम्ही महिनाभर घरात काय करत होतात? थंडीची दुरुस्ती घेतली होतीत ना?"

तुमचं असं मधूनच लागायचं.

मग तुम्ही तोच खटला पुन्हा नव्यानं मांडलात, साक्षीदाराच्या धड्यासाठी. सायकल चोरताना बघितलं असं सांगणारी एक शेजारीण. तिनं घरून लिहून पाठवलं, कोर्टात येणार नाही. तुम्ही पोरांना विचारलंत, चालेल का? नऊजणांनी ठरवलं, चालणार नाही. जो बोट दाखवतो त्यानं समोर यायचं, आरोपीला त्याचं तोंड बघायचा हक्क आहे. अमेरिकेत तसं लिहूनच ठेवलंय. गाडीत मी भडकलो. म्हातारी बाई आहे, घाबरलीय, तिला कशाला ओढता? तुम्ही म्हणालात, "लपून कोणाकडेही बोट दाखवता येतं म्हणून." मी म्हटलं, "घाबरलेल्या माणसाला काय कायदा सांगता!" मी शेजारणीबद्दलच बोलतोय, असं तुम्ही धरून चाललात. तेवढा मोठेपणा होता तुमच्यात.

पण खरं काय ते तुम्हाला कळलं असणारच. आणि त्याच आठवड्यात गार्डाबाईचा फोन आला. पोरांच्या गुन्ह्यांचं बघणारी ती बाई. तिघांपैकी एकानं, धक्का देणाऱ्यानं, कबूल केलं होतं. पोराचं वय सोळा. इथं अशा पोराला कोर्टात न नेता ताकीद देतात आणि ज्याला त्रास झाला त्याची इच्छा असेल तर दोघांना समोरासमोर बसवतात. तुम्ही याल का, असं ती विचारत होती. जबरदस्ती नाही.

मी म्हटलं, नाही. मुलगा म्हणाला, नका जाऊ. सूनबाई म्हणाली, कशाला जीवाला ताप. तुम्ही एकट्या म्हणालात, जा.

त्या दिवशी वर्ग झाल्यावर सई मैत्रिणीकडे थांबली होती. आपण दोघंच होतो. आमच्या घरासमोर गाडी उभी, काचेवर बारीक पाऊस, आणि आपण भांडत होतो.

"त्यानं कबूल केलंय. मी जाऊन काय करू? आरती ओवाळू?"

"त्याला तुमचं तोंड दिसू दे. त्यानं टोपी बघितली, कपडे बघितले. तोंड बघितलंच नाही."

"आणि त्यानं पुन्हा ओळखलं तर? बसथांब्यावर?"

हे माझ्या तोंडून गेलं. पहिल्यांदा. तुम्ही चाकावर दोन्ही हात ठेवलेत, शाळेच्या आवारात ठेवायच्या तसे.

"मारुतराव, मी वर्गाआधी अशी बसते तेव्हा तुम्हाला काय वाटतं?"

"देवाचं नाव घेता."

"छे हो. भीती वाटते मला. सोळा वर्षांची पोरं. एकदम हसली तर? आयुष्यभर शिकवलं, तरी दर वेळी वाटतं, आज उतरूच नये. हात थरथरायचे थांबले की उतरते."

"आणि नाही थांबले तर?"

"तर तसेच घेऊन उतरते."

तेव्हा मला म्हणायचं होतं, बाई, मलाही. मलाही तसंच होतं, खुर्चीत बसलो की पहिली दहा मिनिटं मला काही दिसत नाही. तोंडाशी आलं होतं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "पाऊस वाढतोय, तुम्ही निघा." तुम्ही म्हणालात, "विचार करा. सोमवारी भांडू."

रविवारी तुमच्या मुलाचा फोन आला. चहा टाकायला उठलात आणि ओट्याशीच पडलात. गॅसवरचं आधण उकळून आटलं होतं, म्हणाला. सोमवार आलाच नाही.

तुमच्या अंत्यसंस्काराला मी गेलो. माझ्या मुलानं गाडीतून उतरवलं आणि तो गाडी लावायला गेला. समोर बघतो तर दारापर्यंत दोन्ही बाजूंनी पोरं उभी. शाळेचे गणवेश, पावसात टोपडी ओढलेली, गप्प. इथं शाळेतलं माणूस गेलं की पोरं अशी दोन रांगा करून मानानं उभी राहतात. ते मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की आत जायला एकच वाट आहे आणि ती ह्यांच्या मधून जाते. माझी मान आखडली. परत फिरावं असं वाटलं. तुमच्यासारखे हात कुठंतरी ठेवावेत तर समोर चाक नव्हतं. ते तसेच घेऊन चाललो.

किअननं पहिल्यांदा टोपडं मागे सारलं. मग रांगेतलं एकेक पोरगं सारत गेलं. केस भिजले त्यांचे. आत सगळा विधी झाल्यावर ही पोरं एकामागून एक आली, तुमच्या मुलाशी हात मिळवला आणि म्हणाली, "सॉरी फॉर युअर ट्रबल." तुमच्यावर आलेल्या दुःखात आम्ही आहोत, असं इथं म्हणतात. मग पुढे सरकून माझ्याशीही हात मिळवला. मलाही तेच म्हणाली. मी तुमचा कोण? ते त्यांनी विचारलं नाही. गार गार हात सगळ्यांचे. मुरगळलेलं मनगट दुखायला लागलं, पण मी एकाचाही हात चुकवला नाही.

घरी येऊन मी मुलाला म्हटलं, गार्डाबाईला सांग, येतो म्हणून. तो म्हणाला, तात्या, आता कशाला? मी म्हटलं, मी ठरवलंय. मी ठरवलंय म्हटल्यावर आमच्या घरात पुढं कोणी बोलत नाही.

परवा गेलो. सूनबाई होती, आणि बोलणं इकडचं तिकडं करायला सई. मी म्हटलं होतं तिला नको, पोरगी हटून बसली. माझ्यावर गेलीय. साधी खोली, गालिचा, चहा, बिस्किटं. कोर्ट नव्हतंच ते. दार उघडलं आणि पोरगं आईबरोबर आत आलं.

बाई, तो एवढासा होता हो. मी महिनोन्‌महिने ज्याला घाबरत होतो तो दाराएवढा होता. हा किअनच्या खांद्याला लागेल. तोंडावर पुटकुळ्या. तरी सांगतो, मला बरं नाही वाटलं. भीती कमी नाही झाली. उलट वाटलं, एवढ्याशाला मी घाबरतो, मग मी केवढा राहिलो?

गार्डाबाईनं त्याला विचारलं, तुला काही सांगायचंय का? तो खाली बघत बसला. आईनं कोपर मारलं. बोल की, घरी बोलत होतास ना. तो गप्प. गार्डाबाईनं पुन्हा विचारलं. आई रडकुंडीला आली, त्याचा दंड धरून हलवायला लागली. पोराचा पाय टेबलाखाली थडथड हलत होता. माझाही हलत होता. आणि मला ती खुर्ची आठवली. नऊ माणसं समोर, सगळी आपल्याबद्दल बोलताहेत, आणि आपल्या तोंडून शब्द निघत नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "सोडा त्याला! गप्प राहायचं तर राहू दे. तो त्याचा हक्क आहे."

सईनं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मग तिनं ते इंग्रजीत सांगितलं, अगदी वर्गात सांगते तसं, उभं राहून, माझ्याकडे हात करून. गार्डाबाई म्हणाली, इथं तसली बैठक नाहीये, आजोबा, तो स्वतःहून आलाय. मी म्हटलं, ते मला माहीत नाही. मला बाईंनी असंच शिकवलंय.

घ्या. जिंकलात तुम्ही. चोर गप्प बसतो म्हणणारा माणूस भर बैठकीत पालटला, आणि बघायला तुम्ही नव्हतात.

मग मी टोपी काढली, नवी आणलीय मुलानं, ती टेबलावर ठेवली आणि पोराला म्हटलं, वर बघ. सईनं सांगितलं. त्यानं बघितलं. मी म्हटलं, नीट बघून घे. माझं नाव मारुती. माझी गिरणी होती. एवढंच माझं काम होतं. तो बघत राहिला. डोळे भरले होते का, ते मी सांगणार नाही, कारण माझेच धड नव्हते, मला नीट दिसलं नाही. माफी त्यानं मागितली नाही. मी माफ केलं असंही म्हणालो नाही. उठताना त्यानं माझी टोपी दोन्ही हातांनी उचलली आणि कुठं ठेवावी ते न कळून तशीच धरून उभा राहिला. मी त्याच्या हातातून घेतली आणि डोक्यावर घातली.

बाहेर आलो ते सूनबाईचा हात धरूनच. मला वाटलं होतं, एकदा समोर गेलो की सुटेन. सुटलो नाही, बाई. आज सकाळी कोपऱ्यापर्यंत गेलो, बसथांबा लांबून दिसला आणि परत फिरलो. उद्या परत जाईन. हे तुम्हाला सांगायचं राहिलं असतं म्हणून सांगितलं.

आता शेवटचं. ईफा काल घरी आली होती. मला वाटलं सईकडे आलीय, तर ती माझ्याकडे आली होती. तुमचा वर्ग संपवायचा राहिलाय. शुक्रवारी शेवटची सुनावणी, पोरांनी स्वतः ठरवलंय. बत्ता तुमच्या मुलानं दिलाय. ती म्हणाली, आम्हाला आरोपी लागेल. मी सईकरवी विचारलं, मला बोलता येईल का? ती विचारात पडली. मग म्हणाली, आरोपीला बोलायचं असेल तर बोलता येतं. गप्प राहणं हा हक्क आहे, सक्ती नाही. पण मिसेस के, म्हणजे तुम्ही, म्हणायच्या, वकील सहसा बोलू नका असाच सल्ला देतात. आणि ती हसली. तुमच्यासारखी, आधी नाकातून.

मी तिचा सल्ला मानणार नाही. मुलाला सांगून ठेवलंय, शाळेच्या आवारात गाडी बंद कर आणि घाई करू नकोस. हात मांडीवर ठेवून बसेन. थांबले तर थांबले. मग त्या सगळ्या टोपड्यांसमोर उभा राहीन आणि सई ते इंग्रजीत करून सांगेल. फार काही नाही बोलायचं, बाई. तुम्ही सगळं नीट शिकवलंत त्यांना, पण माझ्याबद्दल एक सांगायचं राहिलं तुमच्याकडून.

सायकल मी चोरली नव्हती.